मुलुंडमधलं कावळ्याचं पान

आईबाबांची आगबोट मुंबईच्या धक्क्याला लागली, तेव्हा मी गर्दीत टाचा उंचावून उभी होते. तुम्हां नैरोबीकर मंडळींना वाटतं, पोर कॉलेजसाठी मायदेशी गेली. खरं सांगू? नैरोबीत जन्मलेल्या मला हा परदेशच. या परदेशात आईबाबा पाहुणे म्हणून येणार आणि नाताळची सुट्टी आम्ही मुलुंडला, आईच्या माहेरी घालवणार, म्हणून मी हरखले होते. मी तिथे प्रथमच जात होते. दादामामा मला भेटायला हॉस्टेलवर येत, घरी मात्र कधी बोलावत नसत.

आईचा चेहरा उतरलेला होता. "गजा नसलेलं माहेर पहिल्यांदाच बघायचंय," ती म्हणाली.

गजामामा आईचा धाकटा भाऊ. लढाईच्या दिवसांत मालवाहू बोटीवर गेला तो परतलाच नाही. बारा वर्षं वाट पाहून दादामामांनी त्याचा पालाशविधी केला (देह मिळत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात). आईने नैरोबीत डोक्यावरून अंघोळ केली आणि बैठकीतल्या त्याच्या फोटोला हार घातला. तो फोटो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलाय. बाहेर आलेले कान, एक भुवई वर. जाता-येता त्याला हात जोडायचे, ही आमच्या घरची शिस्त.

मुलुंड स्टेशनवरून टांगा केला. भातखाचरं कापून झालेली, पलीकडे डोंगर, आणि भरदुपारी आपल्या लिमुरूच्या चहामळ्यांवर असतं तसं धुकं. चाक एका चरात रुतलं आणि बाबांचा होल्डॉल चिखलात पडला. बाबांनी टांगेवाल्याला, घोड्याला आणि मुलुंडच्या म्युनिसिपालिटीला मिळून शिव्या घातल्या.

"चिंचेच्या घरी जायचंय ना?" टांगेवाला म्हणाला. "फाटकापर्यंत सोडेन हां. आत नाय येणार."

"का रे बाबा?"

"घोडा बुजतो," तो म्हणाला आणि त्याने चाबूक उगारला.

घर बैठं, कौलारू. मागे विहीर आणि तिच्यापलीकडे चिंचेचं अवाढव्य झाड. जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी. मी आडवा हात मारला. पानं वाढण्याआधी मामीने चिंचेखाली कावळ्याचं पान ठेवलं. कावळ्याला चिमूटभर भात घालतात, हे मलाही ठाऊक आहे. मामीच्या पानावर मात्र दोन भाकऱ्या, बिरडं, चटणी आणि शेजारी पाण्याचा तांब्या होता.

संध्याकाळी पाहते तर पान चाटूनपुसून स्वच्छ, दुमडलेलं, वर दगड ठेवलेला. तांब्या धुऊन पालथा घातलेला. 

"मामी, इथले कावळे तांब्यासुद्धा धुतात?"

मामी म्हणाली, "तिन्हीसांजेला त्या बाजूला जाऊ नकोस गं."

कुणी नको म्हटलं की माझे पाय तिकडेच वळतात. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी विहिरीपाशी गेले. चिंचेच्या बुंध्याशी एक माणूस उकिडवा बसून जेवत होता. त्याने मान वर केली. बाहेर आलेले कान, एक भुवई वर. आणि माझे हात, देवाशपथ सांगते, सवयीने आपोआप जोडले गेले. तो जेवायचा थांबला. मी किंचाळत घरात आले.

मग सगळं बाहेर आलं. आदल्या पावसाळ्यात तो आला होता. कुठे होता ते सांगेना. तो आला त्याच आठवड्यात गोठ्यातली म्हैस मेली, मामी ओट्याच्या पायरीवरून पडली. तेव्हापासून त्याच्या हाकेला ओ द्यायची नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, असा दादामामांचा दंडक होता. तो पडक्या गोठ्यात राहायचा. कावळ्याच्या नावाने त्याला जेवायला घालणं हा मामीचा चोरटेपणा, आणि दादामामांनी न पाहिल्यासारखं केलं होतं.

"ज्याला मी अग्नी दिला, त्याला घरात कसा घेऊ?" दादामामा आईला म्हणाले. "भटजी म्हणतात, पुन्हा जन्माला घालायचे विधी आहेत. पण हा गजाच, हे आधी कुणी सांगायचं? गेलेल्याचं रूप घेऊन काय काय येतं! तू सांग. तुझ्या शब्दावर मी त्याला घरात घेईन."

आई उठून आत गेली. पुढचे दिवस ती चिंचेकडे पाठ करून बसायची. रोज संध्याकाळी विहिरीचा रहाट वाजायचा, आम्ही सगळे माना खाली घालून बसायचो. मला भीती वाटायची, आणि त्या भीतीची लाजही वाटायची. मला वाटलं, आई अशीच बोटीत बसेल.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती उठली. अंगणात पाट मांडला, तबकात निरांजन लावलं.

"वन्सं, हे काय?" मामी घाबरली.

"मेलेल्याला कुणी ओवाळत नाही," आई म्हणाली. "जिवंत असेल तर बसेल पाटावर." आणि तिने चिंचेकडे तोंड करून हाक मारली, "गजा!"

वारा पडला होता. पाचोळा वाजू लागला. तो आला, धुक्यातून, सावकाश. पाटावर बसला.  आईने त्याला कुंकू लावलं, ओवाळलं. त्याने खिशात हात घातला आणि तबकात चार चिंचोके टाकले.

आईने ते मुठीत धरले. लहानपणी भाऊबीजेला पैसे नसायचे, तेव्हा तो चिंचोकेच घालायचा. आई रुसायची आणि वर्षभर ते जपून ठेवायची.

"अजून चिंचोकेच देतोस मेल्या!" असं म्हणून ती ढसाढसा रडली. तो हसला, आवाज न करता. तेवढ्यानेही मी दचकले.

पडवीतून दादामामा म्हणाले, "आजचं पान घरात वाढ."

परीक्षा देऊन मी नैरोबीला परतले. प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. मी एवढंच शिकले, की माणसाला मारायला बारा वर्षं पुरतात आणि परत आणायला कुणीतरी हाक मारावी लागते. बैठकीत शिरले आणि सवयीने फोटोपुढे हात जोडले. हार काढलेला होता.

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "हात कसले जोडतेस? जिवंत मामा आहे तो तुझा. पत्र लिही त्याला!"