माडीवर आखलेली सोपी वाट

वलगावच्या बाजारओळीत श्रावण मास्तरांचं दुकान होतं. मास्तर ते शाळेचे नव्हेत, कातरीचे. विशीत असताना कापसाच्या जिनिंगमध्ये पट्ट्यात सापडून त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. मग ते शिलाई शिकले, आणि उरलेल्या एका पायानं मशीन अशी चालवू लागले, की दोन पायांचे टेलर आपलं गिऱ्हाईक सांभाळत बसत. काखेत सागाची कुबडी, कानावर पेन्सिल, गळ्यात टेप. बोलणं तुटक, पण त्यात शिळं काही नसे.

त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात धामणझिऱ्याचं राखीव जंगल लोकांसाठी खुलं झालं. टेकडीच्या पलीकडे तिथं मोठं तळं आहे आणि थंडीत त्यावर दूरदेशीची बदकं उतरतात, असं सगळे सांगत. फाटकावर पाटी लागली: ‘हे वन सर्वांचे आहे. सर्वांनी यावे.’ एका रविवारी मास्तर आपल्या बायकोला, ललिताबाईला, घेऊन बसनं तिथवर गेले आणि पाटी वाचून परत आले. पाटीच्या पुढे त्यांना जाताच आलं नाही. गुरं आत शिरू नयेत म्हणून फाटकाला लोखंडी फिरकी बसवली होती. तिच्यातून धडधाकट माणूसही पोट आत ओढून निघे. कुबडी तर आडवीही जाईना आणि उभीही जाईना. फिरकी ओलांडली की लगेच दगडगोट्यांचा खडा चढ.

ललिताबाई म्हणाल्या, “अवो, मी एकटी पाहून येऊ का? तुमाले सांगीन काय हाय थे.”

“सांगाचं काय त्याच्यात? पाणी असन आन् बदकं असतीन,” मास्तर म्हणाले. पण घरी आल्यावर त्यांनी पोस्टकार्ड काढलं आणि अमरावतीच्या वनकचेरीला लिहिलं, “पाटी वाचली. पाटीत सर्व मावतात. फिरकीत एकच मावतो आणि त्याला दोन पाय लागतात. तरी पाटी बदलावी किंवा फिरकी.”

एरवी हे कार्ड सुतळीत ओवलं गेलं असतं. पण त्याच आठवड्यात वरून परिपत्रक येऊन पडलं होतं. वृद्ध, अपंग आणि लेकुरवाळ्या स्त्रियांना वनात जाणं सोपं व्हावं म्हणून समिती नेमावी, तीत एक अपंग सभासद असावा, आणि एक बौद्ध समाजाचाही असावा. हेडक्लार्क महादेवराव आठ दिवस असे दोन सभासद शोधत होते. त्यांनी कार्ड वाचलं, वलगावात चौकशी केली, आणि त्यांना असा आनंद झाला की त्यांनी शिपायालाही चहा पाजला. एकाच खुर्चीत दोन रकाने भरत होते!

अशा रीतीनं श्रावण मास्तर ‘धामणझिरा वनविहार सुगम मार्ग समिती’चे सभासद झाले. पत्रावर अशोकस्तंभ होता. ललिताबाईंनी ते पत्र बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलं आणि नवऱ्याचा कोट ब्रशनं झाडला.

पहिल्या बैठकीला मास्तर अमरावतीला पोचले, तेव्हा कळलं की बैठक माडीवर आहे. जिना दगडी, चौतीस पायऱ्यांचा, मध्ये एक वळण, आणि कठडा फक्त एका बाजूला. तोही ज्या काखेत कुबडी त्याच बाजूला. शिपाई म्हणाला, “मास्तर, पाठीवर घेऊ का?”

“काहून? मी काय कापसाचं बोंद हाओ?” मास्तर म्हणाले आणि एकेक पायरी चढू लागले. वर पोचेपर्यंत पहिला विषय संपला होता. तो विषय होता, अपंगांच्या अडचणी.

समितीचे अध्यक्ष भगवंतराव हे निवृत्त हेडमास्तर. पांढरं धोतर, काळा कोट, आणि वाक्य पूर्ण केल्याशिवाय श्वास न घेण्याची सवय. ते म्हणाले, “यावे, यावे. आपल्यासारखा अनुभवी सभासद लाभणे हे समितीचे भाग्य आहे. आता दुसरा विषय घेऊ. मार्गाला ‘सुगम’ म्हणावे की ‘सुलभ’?”

तो विषय दोन बैठका चालला. सुगम म्हणजे जिथं सहज जाता येतं ते, आणि सुलभ म्हणजे जे सहज मिळतं ते, असा भेद अध्यक्षांनी फार सुंदर समजावून सांगितला. मास्तरांनी मध्येच विचारलं, “साहेब, थे फिरकीचं काय?” त्यावर महादेवराव नम्रपणे म्हणाले की फाटक हा मार्गाचा भाग नाही. फाटक कुंपणात येतं, आणि कुंपण दुसऱ्या टेबलावर आहे.

तिसऱ्या बैठकीत ओव्हरसियरनं नकाशा पसरला. निळ्या कागदावर फाटकापासून तळ्यापर्यंत एक सरळ रेघ होती, पट्टीनं मारलेली. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, नकाशावर लावली आणि विचारलं, “ह्या रेघेचा चढ किती बावा?”

“एकास तीन.”

“म्हंजे तीन पावलं पुढं गेलो का एक पाऊल वर? हे तं घसरगुंडी झाली. मी माणसाच्या अंगाचं माप घेतल्याबगर कापड कापत नाई. तुमी टेकडीचं माप घेतलं काय?”

ओव्हरसियर म्हणाला की टेकडीचं माप एकोणीसशे बाराच्या नकाशात आहे. मग मास्तरांनी सरळच विचारलं, “हितं बसलेल्यांपैकी धामणझिरा कोणी पाह्यला?” एक सभासद म्हणाले की त्यांच्या मेहुण्यानं पाहिला आहे.

पंधरा दिवसांनी बैठकीचा वृत्तांत टपालानं आला. त्यात लिहिलं होतं, ‘श्री. श्रावण यांनी योजनेबद्दल समाधान व्यक्त केले.’ पुढच्या फेरीत मास्तरांनी जिन्याखालीच महादेवरावांना गाठलं.

“म्या कवा केलं समाधान?”

“अहो, तो ठरलेला मजकूर असतो. समाधान नाही लिहिलं तर फाईल परत येते.”

“आन् बैठक खाली घ्या म्हनलो होतो, थे?”

“ते विचाराधीन आहे,” महादेवराव म्हणाले. “पण त्याचा निर्णय बैठकीतच घ्यावा लागेल. चला ना वर.”

हे ऐकलं आणि मास्तरांच्या मनात काहीतरी बसलं. राग असा आला नाही. उलट, चुकीच्या मापाचा कपडा उसवायला घेताना येतो तसला एक थंडपणा आला. जिन्याच्या पायथ्याशी शिपायाचं बाकडं होतं. त्यावर त्यांनी बैठक मारली, कुबडी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, “मी हजर हाओ. हितं.”

महादेवरावांना आधी गंमत वाटली. वर जाऊन त्यांनी डोकी मोजली, तेव्हा गंमत गेली. समितीत सात सभासद, त्यातले दोन कधीच येत नसत, आणि बैठक भरायला पाच लागत. वर चार होते. आणि आराखडा महिनाअखेरीला नागपूरला पोचला नाही, तर योजना रद्द होणार होती.

मग अमरावतीच्या त्या कचेरीत अशी एक सभा झाली, जशी पूर्वी कधी झाली नव्हती. बैठकीच्या सूचनेत स्थळ ‘कार्यालय’ एवढंच छापलं होतं. जिना कार्यालयात मोडतो का? मोडतो, असं एक सभासद वरून म्हणाले. मग पायथा? तो जिन्याचाच भाग, असं दुसरे म्हणाले. तेव्हा मास्तर हजर आहेत असं ठरलं आणि कामकाज सुरू झालं. वरचा ठराव घेऊन शिपाई खाली येई आणि खालची हरकत घेऊन वर जाई. चौथ्या खेपेला तो वळणावरच बसला आणि म्हणाला, “साहेब, माह्या बी पायाचं पाहा कोणी.”

शेवटी अध्यक्षच खाली आले. मास्तरांनी पाहिलं, भगवंतराव जिना उतरत नव्हते, जिन्याशी झुंजत होते. दोन्ही हातांनी कठडा धरायचा, एक पाय खाली टाकायचा, दुसरा त्याच पायरीवर आणायचा, मग डोळे मिटून थांबायचं. वळणावर त्यांनी कोणी बघत तर नाही ना, असं वर पाहिलं. खाली बघायचं त्यांना सुचलं नाही.

ते येऊन बाकड्यावर बसले, तेव्हा त्यांचा श्वास लागला होता.

“गुडघे?” मास्तरांनी विचारलं.

“दोन्ही,” भगवंतराव हळूच म्हणाले. त्यांचं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा एका शब्दात संपलं असावं. “बैठकीच्या आदल्या दिवसापासून मी गोळी घेतो, मास्तर. घरीही ठाऊक नाही. माणूस अध्यक्ष झाला की त्याला...”

“गुडघे नसतात,” मास्तरांनी वाक्य पुरं केलं. भगवंतराव हसले. हेडमास्तर होते, पण दुसऱ्यानं वाक्य पुरं केल्याचा त्यांना या वेळी राग आला नाही. त्यांनी तिथूनच वर हाक मारली, “महादेवराव! वृत्तांतात लिहा. रविवारी समिती धामणझिऱ्याला जाऊन प्रत्यक्ष पाहणी करील. आणि हे पाहा, समाधान व्यक्त केले असे लिहू नका.”

रविवारी समिती जीपमधून फाटकावर उतरली. पाटी वाचून झाली. ओव्हरसियर फिरकीत शिरला आणि त्याची पिशवी अडकली. मागे महादेवराव अडकले. नाकेदार नत्थुजी, म्हणजे तिथला वनरक्षक, आपल्या चौकीच्या ओट्यावर बसून हे सगळं बिडी ओढत पाहत होता. त्यानं दोघांना मागून ओढून काढलं.

मास्तरांनी त्याला विचारलं, “नत्थुजी, बांबू कोठून नेता तुमी? फिरकीतून तं नेत नसान.”

“थ्या तिकून,” नत्थुजीनं कडुलिंबांच्या मागं हात केला. “बंडीचं फाटक हाय. टेकडीले वळसा घालून जाते वाट, तळ्यापर्यंत. बैल चढ चढत नाई ना साहेब. बैलाले अक्कल असते.”

सगळी समिती तिकडे गेली. रुंद लाकडी फाटक, आणि त्यामागे चाकांनी दाबून दाबून गुळगुळीत झालेली मुरमाची वाट, दोन्ही बाजूंना पळस. चढ इतका मंद की चढ आहे हे पायाला सांगावं लागेल. ओव्हरसियरनं नकाशा उलटासुलटा केला. त्यात ही वाट नव्हती.

“हे तुम्ही कचेरीला कळवले का नाही?” भगवंतरावांनी विचारलं.

“इचारलं कोणी?” नत्थुजी म्हणाला.

“बरं, उघडा.”

“नाई उघडता येत. बंडीसाठी उघडाची ऑर्डर हाय. माणसासाठी नाई.”

महादेवराव चिडले, समितीचं पत्र दाखवलं. नत्थुजीनं ते सन्मानानं पाहिलं आणि परत दिलं. नोकरीची बावीस वर्षं त्यानं अशीच काढली होती. एवढ्यात देवराव नावाचा गाडीवान आपली रिकामी बंडी घेऊन बांबू आणायला आला. नत्थुजीनं उठून फाटक सताड उघडलं, कारण ऑर्डर होती.

मास्तर बंडीच्या मागच्या बाजूला गेले, कुबडी आत टाकली, दोन्ही हातांवर अंग तोललं आणि वर बसले. मग त्यांनी भगवंतरावांना हात दिला. “या साहेब. बंडीत काय हाय थे नत्थुजी तपासत नाई, फक्त बाहेर येताना तपासते.”

नत्थुजीनं वहीत लिहिलं: बंडी एक, आत रिकामी.

वळसा संपला आणि झाडं बाजूला झाली. समोर तळं होतं. पाण्यावर बदकांची काळी-करडी रांग हलत होती आणि सबंध टेकडी उलटी होऊन त्यात पडली होती. भगवंतराव काहीतरी मोठं बोलतील म्हणून मास्तर थांबले, पण ते बोटानं बदकं मोजत होते. मास्तर बंडीतून उतरले, काठावर गेले आणि कुबडीचं टोक पाण्यात बुडवून उभे राहिले. ललितेला आणायला हवं होतं, असं त्यांना फार वाटलं. आपण त्या दिवशी फिरकीपाशी उगीच तोऱ्यात बोललो, हेही वाटलं.

आराखडा वेळेत नागपूरला गेला. बंडीचं फाटक माणसांना खुलं झालं. त्यासाठी ऑर्डरमध्ये फक्त एक ओळ लागली. पण मंजूर झालेली योजना तशीच सोडायला कोणीच धजेना. म्हणून निळ्या नकाशातल्या रेघेवर शहात्तर पायऱ्याही बांधल्या, त्यांच्या सुरुवातीला सिमेंटची कमान उभारली, आणि कमानीवर ‘सुगम मार्ग’ अशी अक्षरं कोरली. तिथून फारसं कोणी जात नसे. वानरं मात्र नेमानं बसत. वाटेवर दोन बाकडी आली. त्यातलं एक तळ्याकडे पाठ करून बसवलं होतं. मास्तरांनी सात कार्डं लिहिल्यावर ते फिरवलं गेलं. फिरकी दुसऱ्या टेबलावर होती, ती तिथंच राहिली.

मास्तरांनी मग रविवारी दुकान बंद ठेवायला सुरुवात केली. देवरावची बंडी ठरवून ते वलगावातली माणसं तळ्यावर नेत: कोणाची बाळंतीण, कोणाचा लकवा मारलेला बाप. ललिताबाई भाकरी बांधून घेत. भगवंतराव अमरावतीहून बसनं येत आणि सगळ्यांना बदकांची नावं सांगत. ती बरोबर आहेत का हे तपासणारं तिथं कोणी नव्हतं.

एकदा वलगावच्या पार्बताबाईला नेलं. सत्तरीची, कंबरेतून काटकोनात वाकलेली म्हातारी. तिला उतरवून काठाशी बसवलं. तिनं पाय पाण्यात सोडले आणि कितीतरी वेळ पलीकडचा काठ शोधत राहिली.

“एवढं पाणी?” ती म्हणाली. “आन् मी जल्मभर पोहऱ्यानं ओढून राहिली होती.”

मग तिनं ओंजळ भरली, तोंडावरून फिरवली आणि मास्तरांना म्हणाली, “घाई करू नको बापा निघाची. बैलं चरून राहिले, चरू दे त्याइले.”