दोन कोसांची फुशारकी

माझ्या तोंडचं वाक्य त्या मॅडमनं हिरव्या चौकटीत बसवून आणलं होतं. आठवलं की अजून अंग जळतं. वाक्य माझंच होतं, म्हणून जास्त जळतं.

यवतमाळच्या एका कॉलेजातून ती आमच्या तांड्यावर आली होती. पोरी सातवीनंतर शाळा काहून सोडतात, हा तिचा अभ्यास. आमची शाळा सातवीपर्यंत. आठवीला बोरी अरबला जावं लागतं, दोन कोस, आणि बस तांड्यावरून जात नाही. माझी नात तेव्हा सातवीत होती. मॅडमचा कागद मोठ्या साहेबापुढं जाईल, मग बस सुरू होईल, अशी आशा धरून पोरगी बसली होती.

देवळाच्या ओट्यावर आम्ही सगळे म्हातारे जमलो, तांड्याचा नायक धरून. मॅडमनं पहिलं मलाच विचारलं, "आजोबा, शाळा लांब पडते का?"

आता पाहुण्यासमोर, चार माणसांत, लांब पडते म्हणायचं? मी पटका सारखा केला. "लांब? आमच्या बापजाद्यांनी बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घातला. दोन कोस म्हंजे आमचं आंगण हाय, मॅडम."

ओटा हसला. माना डोलल्या. माझ्यामागून कोण लांब म्हणणार? सगळ्यांनी माझीच री ओढली. एक जण तर म्हणाला, "दोन कायचे, दीडच कोस हाय." माझी सून पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

चार महिन्यांनी मॅडम दोन पानं घेऊन परत आली. छापायच्या आधी, ज्यांनी सांगितलं त्यांना वाचून दाखवायचं, ही तिची रीत. तेवढी एक गोष्ट मी तिच्या बाजूनं मानतो.

"साहेब लोकांना वेळ नसतो, आजोबा," ती म्हणाली. "जाड अहवाल कपाटात जातो. म्हणून दोनच पानं. वर काय सापडलं ते, मधे चौकटीत गावातल्या माणसाचं बोलणं, आणि मागं सरकारनं काय करावं ते."

मी चौथी शिकलेला. नातीनं मोठ्यानं वाचायला घेतलं. वर ठळक अक्षरात 'अंतर नव्हे, अनास्था'. खाली हिरव्या चौकटीत मी, बापजादे आणि आंगण. मागच्या पानावर लिहिलं होतं, पालकांमध्ये जागृती करावी, मेळावे घ्यावेत. पोरीनं पान उलटलं. परत उलटलं.

"दादा," नात मला म्हणाली, "याच्यात बस कुठी हाय?"

मी उठलोच. "जागृती? आमी काय झोपून राह्यलो काय? गाडी द्याची सोडून मेळावे देता? कोणाच्या डोक्यातून निघालं हे?"

मॅडमही तापली. "तुमच्याच! एकूणएक माणसानं अंतराचं काही नाही म्हटलं. मी मनानं लिहू का?"

"माणसानं म्हटलं," दारातून सून बोलली. लग्न होऊन पंधरा वर्षं झाली, माझ्यासमोर तिचा एवढा मोठा आवाज पहिल्यांदा ऐकला. "बाईले इचारलं काय कोणी? आन् मामाजी त्या रस्त्यानं पायी कधी गेलते, तेबी इचारा. मोटरसायकलवर मांगं बसून जातात ते. पावसात नाला भरते. शाळा सुटून येता येता अंधार पडते. त्या झुडपातून मी पोरीले एकटी धाडीन?"

गप्प राहा म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण त्यात खोटं काय होतं?

"तुमचं वाक्य काढून टाकते," मॅडम म्हणाली.

"माह्यं एक काढून काय होते? ओट्यावरचे बाकीचे राह्यलेच ना."

"मग त्यांनाही परत सांगावं लागेल. आणि बायकांचं मी वेगळं विचारीन."

त्याच संध्याकाळी मी ओट्यावर गेलो. म्हटलं, "मॅडमपुढं मी फुशारकी मारली. नातीले त्या रस्त्यानं धाडाले माह्या जिवावर येते. आता तुमीबी खरं सांगा." उभ्या जन्मात त्या ओट्यावर मी शब्द मागं घेतला नव्हता.

नायक म्हणाला, "काय गा, आंगण वाढलं काय?"

सगळे खो खो हसले. असा राग आला की पटका काढून आपटावा. पण बसून राहिलो. हसणं सरल्यावर तो दीड कोसवाला खाली पाहत म्हणाला, "माह्यी पोरगी त्या रस्त्यापायीच घरी हाय."

दुसऱ्या दिवशी मॅडम कापसाच्या वावरात बायकांजवळ बसली. तिसऱ्या दिवशी नातीबरोबर बोरी अरबपर्यंत पायी गेली. परत आली तेव्हा चपला हातात होत्या आणि बोलायचं त्राण नव्हतं. नव्या कागदावर वरची ओळ झाली 'बस नाही म्हणून शाळा नाही'. चौकटीत सुनेचं बोलणं. मागं एकच मागणी, सकाळ-संध्याकाळची बस तांड्यावरून वळवावी.

"एकच काहून?" मी विचारलं.

"चार मागितल्या की एकही वाचत नाहीत."

यवतमाळला मॅडमनं तो कागद माझ्यासमोर मोठ्या साहेबाच्या हातात दिला. साहेबानं उभ्या उभ्या वरची ओळ वाचली, चौकट वाचली आणि शेजारच्याला म्हणाला, "ही गाडी वळते का बघा." झालं! बिडी ओढायला लागतो तेवढाही वेळ नाही लागला. एवढ्याशा बोलण्यासाठी तांड्याच्या किती पोरी घरी बसल्या! हा राग माझ्यासंगंच जाईल.

नात आता आठवीत आहे, त्याच गाडीनं जाते. पण एखाद्या दिवशी गाडी वळतच नाही, सरळ निघून जाते. त्या दिवशी मी डेपोत जातो. मागच्या आठवड्यात तिथला माणूस म्हणाला, "बाबा, एक दिवस पोरगी घरी राह्यली त काय बिघडते?"

मी वहीचं पान फाडून त्याच्यापुढं सरकवलं. "हेच लिहून द्या. खाली सही करा. मी छापून आणतो."

त्यानं पेन उचलला नाही. मी बाकावर बसून राहिलो. संध्याकाळची गाडी लागली तेव्हा तांड्यावरून वळायचं म्हणून ड्रायव्हरला मीच सांगितलं, आणि त्याच गाडीत चढलो.