टेबल सरकलं तेव्हा गायकवाड मामा राहात्यात होते

मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. भुताखेतांच्या, अतर्क्य गोष्टींच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जातो. हा अनुभवही इतकी वर्षं घरात कुणाला सांगितला नाही... पण डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितोय.

साल बहुधा अठ्ठ्याण्णव. नगरला सावेडी भागात राहायचो, एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये कामाला होतो. तिथल्या लोखंड कापायच्या जुन्या मिलिंग मशीनला मोटारी बसवून मी ते कॉम्प्युटरवर चालवलं होतं. प्रिंटरची वायर लागते ना, त्याच पोर्टमधून मोटारींना सिग्नल जायचे. मशीनवर गायकवाड मामा — पन्नाशीचे, मूळ राहात्याचे. नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखणारे.

नवा कॉम्प्युटर आणला आणि काम चालू असताना मध्येच मशीनचं टेबल, ज्यावर कापायचा तुकडा बांधतात ते, दोन-तीन मिलिमीटर सरकायला लागलं. बांधलेला जॉब वाया. कधी दिवसातून तीनदा, कधी चार दिवस काहीच नाही... मी प्रोग्राम तपासून तपासून वेडा व्हायची वेळ आली. मालकांना वाटलं, कॉम्प्युटर नको म्हणून मामाच काहीतरी करतात. त्यांनी मामांच्या समोरच मला विचारलं. माझी चूक निघेल या भीतीने मी म्हणालो, "सांगता येत नाही."

मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, डबा उचलला आणि काम सोडून गावी राहात्याला गेले.

पंधरा दिवसांनी दोष सापडला. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कंपनीनेच भरलेल्या प्रोग्राममध्ये, म्हणजे बायोसमध्ये. प्रिंटर जोडलाय का, हे तो मधूनच स्वतः तपासायचा आणि मोटारीला वाटायचं, सरकायला सांगितलंय. मामांचा काडीचा संबंध नव्हता. मी नसताना कुणी मशीन चालवू नये म्हणून पोर्टची वायर काढून बॅगेत टाकली आणि दुपारी बाराच्या एसटीने राहाता गाठलं.

मामा अंगणात पेरू निवडत होते. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी हातातला पेरू टोपलीत टाकला. मग म्हणाले, "मालक काय बी म्हणू द्या साहेब. तुमाला तर म्हाईत हुतं, मी तसला न्हाई."

तेवढ्यात त्यांचा हात थांबला. मशीनचा आवाज ऐकताना करायचे तशी मान तिरकी केली.

"सरकलं," ते म्हणाले.

"काय?"

"टेबल."

आणि परत पेरू निवडायला लागले. मी उगाचच घड्याळ पाहिलं — तीनला दहा कमी.

संध्याकाळी वर्कशॉपला पोचलो तर मालक दारातच उभे. गिऱ्हाइकाला दाखवायला त्यांनी मोटारींचा नुसता स्विच चालू केला होता. कॉम्प्युटर बंद, तरी टेबल सरकलं, गिऱ्हाइकाचा हात थोडक्यात वाचला. किती वाजता, विचारलं. तीनच्या जरा आधी, म्हणाले.

वायर माझ्या बॅगेत होती... ती काढल्यावर मोटारींच्या बाजूला मोकळ्या राहिलेल्या टोकावर इकडचे तिकडचे सिग्नल येऊन मोटार हलू शकते, हे मी नंतर स्वतः करून पाहिलं. तेवढं पटतं. पण ऐंशी किलोमीटरवर अंगणात बसलेल्या माणसाला ते कसं कळलं?

मामा पुढच्या आठवड्यात कामावर परत आले. पुढे कित्येक वर्षं आम्ही एकत्र काम केलं. एकदाच धीर करून त्यांना त्या दुपारचं विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "मी असं काय बी बोललो न्हाई, साहेब."

मामा खोटं बोलत नसत. मग त्या अंगणात मी कुणाचा आवाज ऐकला?