भिंत काय म्हणते

कोणता खेळ कुठल्या ॲपवर दिसतो, हे माझ्या बायकोच्या मामांइतकं त्या ॲपवाल्यांनाही ठाऊक नसेल. मामा विश्रांतवाडीला एकटे राहतात. स्वतः त्यांनी एकाही ॲपचं सदस्यत्व कधी घेतलं नाही. त्याऐवजी त्यांनी नातेवाईक वाटून घेतले होते. कबड्डी हडपसरला, धाकट्या बहिणीकडे. क्रिकेट वारज्याला, आमच्याकडे. प्रक्षेपणाचे हक्क या कंपनीकडून त्या कंपनीकडे गेले की मामांची बस बदलायची. एका मोसमात कबड्डीही आमच्या ॲपवर आली, तेव्हा हडपसरच्या मावशींनी बायकोला फोन करून विचारलं, "आमचं काही चुकलं का गं?" कारणाशिवाय कुणाच्या घरी जाण्याची पुण्यात पद्धत नाही. मामांकडे कारण असायचं, तेही छापील वेळापत्रकासह.

येताना ते स्वतःच्या डब्यात भाजलेले शेंगदाणे आणत. आल्यावर पहिलं काम टीव्हीचा आवाज बंद करण्याचं. "अहो जावईबापू, सामना आपल्यालाही दिसतोय. हे लोक सांगतात कुणाला?" असं म्हणून पुढे सामनाभर ते स्वतः बोलत. स्टुडिओतल्या तज्ज्ञांची चर्चा लागली की टीव्हीकडे पाठ करून बसत. एकदा जाहिराती संपतच नव्हत्या, तेव्हा शांतपणे म्हणाले, "मधूनमधून क्रिकेट दाखवतात, हे बरं करतात."

आमच्या ॲपवरचं चित्र शेजाऱ्यांच्या टीव्हीपेक्षा थोडं मागे असतं. गोलंदाज अजून धावत येत असतो आणि भिंतीपलीकडे आरडाओरडा झालेला असतो. माझा त्याने रसभंग होई. मामा मात्र या भिंतीवर खूश होते. माझ्या मुलीला जवळ बसवून विचारत, "भिंत काय म्हणते?" पलीकडे जल्लोष झाला की, "गेला हा." नुसताच सुस्कारा ऐकू आला की, "झेल सोडला बघ गाढवाने." मग दोघं टीव्हीकडे बघत बसत, आणि बिचारा क्षेत्ररक्षक त्यांच्या हुकुमावरून झेल सोडी.

गेल्या दिवाळीत मामांच्या बंगळुरूच्या मुलाने त्यांच्याकडे मोठा टीव्ही बसवला, त्यावर सगळी ॲप्स घालून दिली. बायकोला फोनवर म्हणाला, "ताई, आता बाबांना कुणाकडे जायची गरजच नाही." बायको "हो, छान केलंस" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

नवी मालिका सुरू झाली. मामा आले नाहीत. आम्ही आवाज लावून सामना पाहिला. समालोचक तसा जाणकार होता. मध्येच भिंत ओरडली आणि आम्ही तिघांनीही मामांच्या खुर्चीकडे पाहिलं.

पुढच्या सामन्याला बेल वाजली. दारात मामा, हातात डबा.

"टीव्ही बिघडला का?" मी विचारलं.

"छे. चेंडूची शिवण दिसते, इतका स्वच्छ."

"मग ॲप लॉग आऊट झालं असेल. मामाआजोबा, फोन द्या, मी करून देते," मुलीने हात पुढे केला.

मामांनी तिच्या हातावर शेंगदाणे ठेवले, खुर्चीत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "सगळं चालू आहे गं. पण आमची भिंत काही बोलत नाही."

बायकोने रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.