सुएझची लढाई आणि साडूंचं भरीत

जगात पुढची लढाई कुठे पेटणार, हे ओळखायचा मला नाद होता. जळगावच्या वाचनालयात रोज तासभर बसून कुठला देश कुणावर गुरगुरतो ते मी वहीत टिपायचो. चीनजवळच्या फॉर्मोसा बेटावर लढाई होणारच, असं मी सासुरवाडीत, धरणगावला, छातीठोक सांगितलं. ती झालीच नाही. पुढच्या हिवाळ्यात मळ्यातल्या भरीत-पार्टीला धुळ्याचे साडू आले. वकील माणूस, घरी रेडिओ. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळाभोवती बसलेल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "काय साडूभाऊ, तुमची लढाई चाळीसगावला गाडी बदलत बसली का?" सगळे हसले. सर्वांत जास्त माझी बायको.

तो हशा मी वर्षभर जपून ठेवला. माझी चूकही शोधली. मी धमक्या मोजत होतो. मोजायला हव्या होत्या आगबोटी. जो देश परमुलखातून आपली बायकापोरं माघारी नेतो, तो लढणार. छप्पनच्या पावसाळ्यात इजिप्तनं सुएझचा कालवा ताब्यात घेतला, पाठोपाठ तिथल्या इंग्रजांच्या मडमा बोटीत बसू लागल्या, आणि मी साडूंना कार्ड टाकलं: दिवाळीच्या सुमारास लढाई. उलट टपाली उत्तर आलं, "झाली तर यंदाचं भरीत मी ठेचेन." आमच्याकडे जावई खाटेवरून उठतसुद्धा नाही!

ऐन दिवाळीत बाँब पडले. तिकडे माणसं मरत होती आणि मी, सांगायला लाज वाटते, करंज्या खात खूश होतो. पण पार्टीच्या चार दिवस आधी लढाई थांबली. जगानं सुस्कारा सोडला. मी तेवढा चिडलो. रविवारपर्यंत तरी चालवायची!

मळ्यात साडू खाटेवर ऐसपैस बसलेले. "संपली की हो!"

सासरेही म्हणाले, "आते कोठे शे तुमनी लढाई?"

"आबा, संपायला आधी व्हावी लागते," म्हणत मी खिशातून साडूंचं कार्ड काढलं आणि मोठ्यानं वाचलं.

साडूंनी उठून धोतर खोचलं. लाकडी काठवटीत वीस माणसांची वांगी, हिरव्या मिरच्या, हातात मुसळ. त्यांचे डोळे वाहत होते. मी खाटेवरून सांगत होतो, "अजून बारीक, वकीलसाहेब. घाई नाही."

पहिला घास घेऊन सासरे म्हणाले, "झकास शे! हाऊ जवाई कामना शे." कामाचा जावई म्हणून सगळ्या पंगतीनं माना डोलावल्या. मग ते माझ्याकडे वळले, "आनि तुम्ही?"

साडू माझ्याच पानात भरीत वाढायला वाकले होते. लाल डोळ्यांनी, गालातल्या गालात हसत. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही.