अर्धी गोळी

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी लावूनच देवानं पाठवलंय. संशोधनाच्या कामाला हा स्वभाव बरा नव्हे, कारण तिथे वाट बघण्याशिवाय दुसरं फारसं काही नसतं. अकोल्यात आम्ही लिव्हरच्या कॅन्सरवरच्या एका नव्या गोळीची चाचणी करत होतो. रोज सकाळी अमरावतीहून निघायचं, बडनेऱ्याला गाडी पकडायची आणि दिवसभर रुग्णांचे रिपोर्ट चाळायचे.

चाचणीतल्या एका रुग्णाने माझं डोकं पार उठवलं होतं. बडनेऱ्याचे टेलरचाचा. गोळ्यांची रिकामी पाकिटं दर महिन्याला न चुकता परत आणायचे, हिशोबात एका गोळीचा फरक नाही. तरी स्कॅनमधली गाठ वाढतच होती. या गोळीने बऱ्याच जणांचे तळहात सोलवटतात, चाचांचं तेही नाही. शिवणकाम करणाऱ्या माणसाच्या हातांची मला आधी फार काळजी होती. आता तेच हात धडधाकट बघून, गोळी अंगी लागतच नाही की काय म्हणून, मी चिडायला लागले. गोळीवर, मशीनवर, स्वतःवर. घरी भाजी चिरतानासुद्धा डोक्यात तेच.

चाचांसोबत नेहमी भातकुलीकडचे एक शेतकरीकाका असायचे. दोघांची ओळख आमच्याच दवाखान्याच्या बाकावरची. आजार एक, गाडी एक, मग जेवणाचा डबाही एक झाला. काकांना मात्र मी चाचणीत घेतलं नव्हतं. त्यांचं लिव्हर इतकं थकलेलं होतं, की ही गोळी त्यांच्या जिवावरच बेतली असती. तेव्हा त्यांच्या मुलाने मला दाराआड गाठलं होतं. "मॅडम, बाबाले एवढं सांगू नका. हाय खातीन ते."

आपल्याकडे हे असंच चालतं. आजार रोग्याचा आणि बातमी घरच्यांची. मीही मान डोलावली आणि काकांना सांगितलं, "औषध मोजकंच आलंय काका. तुमच्यापर्यंत पुरत नाही." थाप मारून सुटले एकदाची, म्हणून मला हलकंच वाटलं होतं. काका साध्या औषधांसाठी येत राहिले.

मग हिवाळ्यातल्या एका सकाळी बडनेऱ्याच्या फलाटावर दोघं भेटले. काकांनी पिशवीतून संत्रं काढून माझ्यापुढे धरलं. "घ्या मॅडम, घरच्या झाडाचं हाय."

मी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. काकांच्या तळहाताची कातडी निघाली होती, पेरांपाशी लालभडक. कापूस वेचून हात असे होत नाहीत. असे हात मी चाचणीत पाहिले होते. वर बघितलं तर डोळे पिवळे.

"गोळी कोण देतंय तुम्हाला?" मी ओरडलेच. फलाटावरची माणसं वळून बघायला लागली.

काकांनी मान खाली घातली. चाचा म्हणाले, "मी देतो. ब्लेडनं अर्धी करतो. अर्धी त्याले, अर्धी मले."

"पण काहून?"

"तुमीच तं म्हनलं होतं, औषध कमी हाय." चाचांना माझ्या ओरडण्याचंच नवल वाटत होतं. "मॅडम, घरी भाकर कमी पडली तं तुमी काय करता?"

राग मावत नव्हता आणि तो काढावा असं समोर कुणी नव्हतं. गाडीत दोघांना मी खिडकीशी बसवलं आणि स्वतः अकोल्यापर्यंत दाराशी उभी राहिले.

काकांना त्याच दिवशी भरती केलं. घडलेलं सगळं मी वरती लिहून कळवलं, माझ्या थापेसकट. नियमाप्रमाणे चाचांचं नाव चाचणीतून निघालं. त्यांना आम्ही जुनं, नेहमीचं औषध सुरू केलं. ते कितपत लागू पडेल याची मला खात्री नव्हती आणि तसं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याले कसं हाय पन?"

तिसऱ्या दिवशी वॉर्डात गेले. दारातूनच चौकशी करून परतायचा बेत होता. पण काका एकटेच होते, मुलगा चहा आणायला गेला होता. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"माह्याच्यानं त्याचं औषध बंद झालं काय?"

"नाही, नाही" हे माझ्या जिभेवर तयारच असतं. मी ते गिळलं.

"माझ्यामुळे झालं. औषध कमी नव्हतंच काका. मी खोटं बोलले."

काकांनी पोटावरची चादर सारखी केली.

"मंग आता खरं सांगा. मले काहून नाही देलं?"

मुलगा चहा घेऊन दारात येऊन उभा राहिला होता आणि मला मानेनेच नको, नको म्हणत होता. मी पलंगाखालचं स्टूल ओढलं आणि बसले.