आत्या आणि गल्लीचा कचरा

माझ्या आत्याला कचरा वाचता येत असे. ही अतिशयोक्ती वाटेल, पण लातूरच्या त्या गल्लीत राहिलेल्या कुणालाही विचारा. रस्त्यावर पडलेली वस्तू कुणाच्या घरातून आली हे तिनं सांगितलं आणि ते चुकलं, असं निदान माझ्या समोर तरी कधी झालं नाही. सरकारी दवाखान्यात तिची सगळी नोकरी नर्स म्हणून झालेली. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. त्यामुळे कुठल्या घरात काय शिजतं, कोण कुठली विडी ओढतं, कुणाला कुठलं औषध चालू आहे, हे तिला पाठ होतं. निवृत्तीनंतर रोज सकाळी ती नोकरीतलीच पांढरी साडी नेसून, टोपलं घेऊन बाहेर पडे आणि ज्याचा कचरा त्याच्या दारात नेऊन ठेवी. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. "तुमचं सांडलं होतं," एवढंच म्हणायची.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेरीत कारकून म्हणून मी लोह्याहून आलो, तर गावात भाड्यानं खोली मिळेना. म्हणून आठ दिवसांसाठी आत्याकडे उतरलो आणि चार वर्षं राहिलो. पहिल्याच आठवड्यात मी चोरून ओढलेल्या सिगारेटचं थोटूक तिनं माझ्या जेवणाच्या डब्याशेजारी, स्वच्छ कागदावर ठेवलं. डब्यात भाकरी आणि माझ्या आवडीची शेंगाची चटणी होती. मी थोटूक खिशात घातलं आणि डबा उचलून कचेरीत गेलो.

गल्लीत एक गणिताचे मास्तर होते. तपासायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी सहामाहीचा एक अख्खा गठ्ठा उकिरड्यावर टाकला. आत्यानं ते पेपर झटकले, नंबरवार लावले आणि ऐन शिकवणीत त्यांच्यापुढे नेऊन ठेवले. त्यानंतर कित्येक महिने मास्तर आमच्या घरावरून जाताना छत्री उघडून तोंड झाकत, आणि ते दिवस तर असे की दोन वर्षं पावसाचा पत्ता नव्हता. नव्या जिल्ह्याबरोबर आलेल्या एका साहेबांच्या बायकोनं सासूची पत्रं न फोडताच फेकली होती. तीही आत्यानं परत नेऊन दिली. म्हणाली, "वाचून फेका, बाई. न वाचता फेकलेलं लई दिवस मनात राहतंय." ती बाई पुढे आपली मैत्रीण झाली असं आत्या सांगे. त्या बाईला हे ठाऊक होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

तिचं एकाच जागेपुढे काही चालत नसे. गल्लीच्या टोकाला एक जुना आड होता. नळ आल्यापासून लोकांनी तो कचऱ्यासाठीच ठेवला होता: केर, फुटक्या बाटल्या, नासकं अन्न, एकदा तर मेलेलं मांजर. त्यातलं काही परत काढता येत नाही म्हणून आत्या नुसती काठाशी उभी राहून आत बघायची.

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात नळ बंद पडले. टँकर येऊन आडात पाणी ओतणार आणि तिथून ज्यानं त्यानं शेंदून घ्यायचं, असं ठरलं. आत्यानं घरोघर जाऊन आधी आड उपसा म्हणून सांगितलं. सगळे हो म्हणाले. कुणी आलं नाही. टँकर आला त्या दुपारी सबंध गल्ली घागरी, कळश्या घेऊन उन्हात उभी होती. आत्या आली आणि आडाच्या काठावर, पाइपाच्या पुढ्यात बसली.

"ह्यात पाणी ओतू देणार न्हाई," ती ड्रायव्हरला म्हणाली. "हे पाणी पिऊन लेकरं मरतील."

लोकांनी आधी विनवलं, मग शिव्या दिल्या. तिच्याच हातावर जन्मलेला एक तरणाताठा गडी म्हणाला, "नर्सबाई, तहानेनं मेल्यावर काय करता?" तिनं मान खाली घातली, पण उठली नाही. तासाभरानं ड्रायव्हर कंटाळला आणि भरला टँकर घेऊन निघून गेला. मी गर्दीत उभा होतो. मलाही तिचा राग आला होता, हे कबूल करायला हवं.

त्या संध्याकाळी तिनं घरातल्या माठातलं पाणी तान्ही लेकरं असलेल्या घरांत वाटून टाकलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं दोर आणि टोपलं आणून आडाशी ठेवलं. मी निमूटपणे लुंगी खोचून आत उतरलो. दोन टोपली होईपर्यंत वर ती एकटी होती. तिसरं टोपलं ओढायला छत्री बाजूला ठेवून मास्तर आले. मग इतर आले. संध्याकाळी तळ दिसला. चुन्याची निवळी टाकून तिनं तो दोनदा धुऊन घेतला, आणि तिसऱ्या दिवशी टँकर आला. त्या उन्हाळ्यात आसपासच्या वस्त्यांत हगवणीची साथ आली. आमच्या गल्लीत दोघंच आजारी पडले आणि दोघंही उठले. आत्याचे आभार कुणी मानले नाहीत. ती त्याची वाट बघत होती असंही दिसलं नाही.

पुढे माझी बदली नांदेडला झाली. आत्या थकल्यावर मी तिला तिकडे घेऊन आलो. एकदा ओट्यावर चहा पिताना मी सहज त्या टँकरचा विषय काढला. तू तेव्हा जराही डगमगली नाहीस, असं काहीतरी म्हणालो.

"लई भ्याले होते," ती म्हणाली. मग तिनं सांगितलं, "आपल्या गावच्या आडाला आपल्याला हात लावू देत न्हवते, बाबा. माय घागर घेऊन लांब उभी राहायची. कुणी येईल, वरून ओतील, तवा पाणी. मी तिच्या पदराला धरून. त्या दिवशी समदी गल्ली तशीच उभी होती बघ. आन आडावर मी बसलेली."

तिच्या हातातला कप कलला होता. मी तो काढून घेतला आणि खाली ठेवला.